यादीतलं पहिलं नाव

बेदाण्याच्या शेडवर पाऊस यायच्या आधी हवेतली ओल एकदम वाढते. ओल वाढल्यापासून पहिला थेंब पडेपर्यंत साधारण पंधरा मिनिटं मिळतात. शेडच्या चारही बाजूंचे ताडपत्रीचे पडदे सोडून बांधायला दोन माणसांना दहा मिनिटं लागतात. म्हणजे हातात राहतात पाच. माझ्या बायकोनं, राजेश्वरीनं, तीन हंगाम तासगाव भागातल्या शेडमध्ये उभं राहून हे मोजलं होतं. आमचं सगळं काम त्या पाच मिनिटांवर चालायचं.

मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो. नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि सांगलीत विश्रामबागला घर केलं. प्रोग्रॅम लिहायला मी पंचेचाळिसाव्या वर्षी घरी बसून शिकलो. राजेश्वरी लोणंदची. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण कोणत्या शेडची पश्चिम बाजू उघड्यावर आहे, कुणाच्या मोबाइलला रेंज नसते, कोण दुपारी घोरत पडतो, हे तिला पाठ होतं. तिनं सांगायचं आणि मी लिहायचं, असं करत ती व्यवस्था उभी राहिली. प्रत्येक शेडमध्ये ओल मोजणारं एक छोटं यंत्र. ते दर मिनिटाला आकडा पाठवणार. आमचा प्रोग्रॅम आकडे बघत बसणार आणि ओल वाढली की शेडवाल्याच्या मोबाइलवर गजर करणार. अशा शेचाळीस शेड झाल्या.

गजर म्हणून आधी मी घंटा लावली होती. घंटेनं कुणी उठेना. सावळजच्या पुढे आकाराम नावाचा आमचा पहिला शेडवाला आहे. तो म्हणाला, "सुभेदार, घंटा काय, देवळातबी वाजती आन् शाळंतबी वाजती. घंटंला कोन भितंय?"

राजेश्वरीनं ते ऐकलं आणि घरी आल्यावर माझा मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी उभी राहून ओरडली, "पाऊस आलाय! पडदं सोडा! ऊठा की!" एकदाच. त्यात शेवटी कुकरची शिट्टी सुरू झाली होती, ती अर्धीच आली. मी म्हणालो, शिट्टी कापून टाकतो. ती म्हणाली, "राहू द्या. माझ्या आवाजानं न्हाई उठले तर शिट्टीनं उठतील."

तेव्हापासून शेचाळीस शेडवर तिचाच आवाज वाजतो.

गेल्या वर्षी हंगाम संपता संपता ती गेली. डोकं दुखतंय म्हणाली, दोन दिवस दवाखान्यात होती, तिसऱ्या दिवशी नव्हती. त्याबद्दल मला आणखी काही लिहिता येणार नाही. दिवसकार्य होईपर्यंत तिचा मोबाइल वाजत होता. ज्यांना कळलं नव्हतं त्यांना मलाच सांगावं लागे. पाच-सहा जणांना सांगितलं. मग मोबाइल बंद केला आणि कपाटात तिच्या पर्समध्ये ठेवून दिला. माझ्या मोबाइलवरचा तिच्या आवाजाचा गजर काढला आणि परत साधी घंटा लावली.

या वर्षी हंगाम सुरू होताना मी एकटाच लॅपटॉप घेऊन शेडवर फिरलो. दरवर्षी यादी नव्यानं भरावी लागते, कारण कुणी शेड मोडतो, कुणी नवी बांधतो, कुणाचा मोबाइल बदलतो. यादीत सगळ्यात वर राजेश्वरीचं नाव असायचं. प्रत्येक शेडचा तासातासाचा निरोप तिच्याही मोबाइलवर जायचा. आणि शेडवाल्यांनी त्याची एक पद्धतच करून टाकली होती. शेडवर नारळ फोडायचा, यंत्र चालू करायचं, पहिला निरोप वैनींच्या मोबाइलवर जायचा आणि त्यांचा उलट फोन यायचा की, "चालू झाली बरं का शेड." तो फोन आल्याशिवाय द्राक्षाचा पहिला क्रेट कुणी उचलायचं नाही.

आकारामच्या शेडमध्ये यादीची वरची ओळ रिकामी ठेवून मी दुसऱ्या ओळीत त्याचं नाव टाकत होतो. तो मागून बघत होता.

"वरची ओळ का मोकळी?"

मी दुसरीच ओळ भरत राहिलो.

"वैनीचं नाव घाला."

"आकाराम, अरे ती..."

"त्या कुटं गेल्या ते आमाला ठावं न्हाई व्हय? नाव घाला म्हंतोय मी. वर नाव नसल्यावर क्रेट कसा उचलायचा?"

त्याची बायको सुलाबाई रॅकची जाळी झाडत होती. तिनं मान वळवून सांगितलं, "घाला वो सुभेदार. नावानं काय जागा अडतीया?"

मला बरं वाटलं. मी नाव टाकलं. आकारामनं नारळ फोडला, मी यंत्र चालू केलं, आणि फोन येणार नव्हता म्हणून दोन मिनिटं आम्ही तिघं नुसतेच उभे राहिलो. मग सुलाबाई म्हणाली, "झाली चालू," आणि पहिला क्रेट तिनंच उचलला. पुढे सगळ्या शेडवर थोड्याफार फरकानं हेच झालं.

आता मला थोडं मेमरीबद्दल सांगावं लागेल.

प्रोग्रॅम चालताना मेमरीत सतत वस्तू तयार करत असतो. एक आकडा आला, वस्तू झाली. एक निरोप तयार झाला, वस्तू झाली. काम झालं की त्या तिथंच पडून राहतात. मी ज्या भाषेत लिहिलं तिच्यात हा पसारा आपल्याला काढावा लागत नाही. भाषा स्वतःच अधूनमधून साफसफाई करते. ती कशी करते हे मी राजेश्वरीला बॅरेकमधल्या किट तपासणीवरून सांगितलं होतं. सुभेदार मेजर आत येतो, एकेक वस्तू उचलतो आणि विचारतो, ही कुणाची? कुणी म्हणालं माझी, की ती राहते. कुणीच बोललं नाही की बाहेर. वस्तू चांगली का वाईट, नवी का जुनी, हे तो बघत नाही. कुणीतरी धरलेली आहे का, एवढंच. आणि तपासणी चालू असेपर्यंत सगळी बॅरेक सावधान. हातातलं काम हातात ठेवून उभं राहायचं. प्रोग्रॅमही तसाच थांबतो. डोळ्याची पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल, इतकाच थांबतो, म्हणून कुणाला कळत नाही.

या साफसफाईवर नजर ठेवायला मी एक आलेख केला होता. रेघ वर चढत जाते, तपासणी झाली की झपकन खाली येते, परत चढते. करवतीच्या दातांसारखी. खालची टोकं एका पातळीत असली की सगळं ठीक. खालची टोकंच वर सरकायला लागली तर समजायचं की कुणीतरी काहीतरी धरून बसलंय आणि सोडत नाही. रोज सकाळी चहाच्या वेळी मी तो आलेख बघायचो. राजेश्वरी समोर बसून विचारायची, "झाडलं का आज तुमच्या झाडूवाल्यानं?" मी म्हणायचो, झाडलं. मग ती कप उचलायची.

ती गेल्यावर मी सकाळचा चहा उभ्यानं घ्यायला लागलो आणि आलेख बघायचा सोडला. सोडतोय असं ठरवलं नव्हतं. दहा महिन्यांत एकदाही उघडला नाही, एवढंच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, आकारामचा फोन आला. तो नेहमी मोठ्यानं बोलतो. त्या दिवशी हळू बोलला.

"सुभेदार, आवाज आला पर पाऊस आल्यावर आला."

"किती उशिरा?"

"मी मळ्यात हुतो. थेंब अंगावर पडलं म्हनून पळत सुटलो. निम्मं पडदं सोडलं तवा वैनी वरडाय लागल्या. पश्चिमेचं दोन रॅक भिजलं."

भिजलेला बेदाणा काळा पडतो. मी नोंद काढून बघितली. ओल वाढल्यावर वीस मिनिटांनी गजर गेला होता. पाच मिनिटं हातात असतात आणि आम्ही वीस खाल्ली होती.

मी आलेख उघडला. करवतीचे दात राहिलेच नव्हते. रेघ छताला टेकून सरळ चालली होती. जागा उरली नव्हती म्हणून साफसफाई सारखी सारखी चालू होत होती, दर वेळी सगळं उचलून बघत होती, जवळजवळ काहीच बाहेर टाकता येत नव्हतं, आणि तेवढा वेळ प्रोग्रॅम सावधानमध्ये उभा होता. पूर्वी ज्या थांब्याला सेकंदाचा पन्नासावा भाग लागायचा, त्याला आता चाळीस सेकंद लागत होते. असे थांबे एकामागून एक. त्या थांब्यांमध्ये आकारामच्या शेडचा आकडा दारात उभा राहिला होता.

हवामान खात्यानं गुरुवारपासून अवकाळी पाऊस सांगितला होता. शेचाळीसही शेड भरलेल्या होत्या.

मी पल्लवीला फोन केला. पल्लवी राजेश्वरीची धाकटी बहीण. साताऱ्यात असते, शाहूपुरीत, आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मोठमोठे प्रोग्रॅम का थांबतात हे शोधणं हाच तिचा धंदा आहे. बहीण गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी कमी बोलत होतो. बोललं की तिचाच विषय निघतो आणि मग दोघंही गप्प होतो, म्हणून.

"दाजी, आलेख कधीपासून बघितला नाही?"

"बरेच दिवस."

"म्हणजे?"

"दहा महिने."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं. मला आत घ्या."

सोमवारी सकाळी तिनं साताऱ्यातून आणि मी सांगलीतून एकच पडदा बघायला सुरुवात केली. आधी तिनं प्रोग्रॅम बंद करून परत चालू केला. मेमरी रिकामी झाली. मला हायसं वाटलं. पाच मिनिटांत रेघ परत छताजवळ.

"बघितलं?" पल्लवी म्हणाली. "हे नवं काही साठत नाहीये. चालू झाल्याझाल्या तुमचा प्रोग्रॅम कुठूनतरी जुनंच उचलून आत आणतोय. काय आणतो सुरुवातीला?"

"न पोचलेले निरोप."

"म्हणजे?"

मी सांगितलं. शेडवर रेंज येते-जाते. मळ्यात गेलं की मोबाइल लागत नाही, दोन-दोन दिवस बंदही असतो. पहिल्या वर्षी असे निरोप हरवायचे. राजेश्वरीनं मला बसवून नियम सांगितला होता की, एकदा निघालेला निरोप पोचल्याशिवाय टाकायचा नाही. म्हणून प्रोग्रॅम निरोप धरून ठेवतो. समोरचा मोबाइल 'मिळाला' म्हणाला की सोडतो. वीज गेली तरी हरवू नयेत म्हणून डिस्कवर प्रत लिहितो आणि चालू झाला की सगळे परत मेमरीत घेतो. निरोपाबरोबर त्या शेडचा दिवसभराच्या आकड्यांचा तक्ताही असतो, म्हणजे एकेक निरोप तसा जडच.

"तरी किती असतील? माणूस दोन दिवस लागला नाही, चार दिवस लागला नाही. कधीतरी लागतोच," पल्लवी म्हणाली.

मला तेव्हाच कळलं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मी ते स्वतःलाही सांगितलं नाही.

पल्लवीनं त्या क्षणाच्या मेमरीचा फोटो घेतला. सगळा पसारा जसा आहे तसा एका फाइलमध्ये उतरवता येतो, आणि मग कोणत्याही वस्तूवर बोट ठेवून विचारता येतं की, हिला कुणी धरलंय? आणि त्याला कुणी? असं विचारत मुळापर्यंत जाता येतं. तिनं सगळ्यात मोठा ढीग निवडला. एकेचाळीस हजार सहाशे बारा निरोप. ती मोठ्यानं वाचत गेली. "निरोप धरलेत एका रांगेनं. रांग धरलीय एका मोबाइलनं. मोबाइल धरलाय यादीतल्या एका नावानं. पहिलंच नाव आहे. नाव..."

तिचा आवाज थांबला. पडद्यावर माझ्याही समोर तेच होतं.

तिच्याकडे खाली रस्त्यावर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ते ऐकू येत होतं.

"हे तुम्ही टाकलंत दाजी?"

"जानेवारीत. सगळ्यांनी घाला म्हणून सांगितलं. मलाही..."

"मोबाइल कुठंय ताईचा?"

"कपाटात. बंद."

"मी अजून लावते कधी कधी," ती म्हणाली. "बंद आहे असं सांगतात. तेवढंच." मग नाक ओढून तिनं कामाचा आवाज काढला. "हे बघा, सोपं आहे. ही रांग मी एका ओळीत उडवते. नाव काढते. दहा मिनिटांत तुमची रेघ खाली येईल. करू?"

"नको."

"दाजी, गुरुवारी पाऊस आहे."

"माहीत आहे. पण नियम तिचा आहे. निघालेला निरोप पोचल्याशिवाय टाकायचा नाही."

"कुणाला पोचणार आता?"

मी म्हणालो, "मला बुधवार दुपारपर्यंत वेळ दे. नाहीच झालं तर तू उडव."

"बुधवार चार वाजता उडवणार. विचारणार नाही. तोवर मी दर दोन तासांनी बंद-चालू करत राहते, तेवढाच श्वास मिळेल त्याला."

मंगळवारी सकाळी मी एसटीनं तासगावला आणि तिथून सावळजला गेलो. नाव एकट्या माझ्या मनानं पडलं नव्हतं, मग एकट्यानं काढायचं कसं, असं वाटत होतं. आकाराम भिजलेल्या दोन रॅकचा माल खाली पसरून बसला होता. काळा पडलेला वेगळा काढत होता. मी जवळ बसलो आणि सगळं सांगितलं. गजर उशिरा का आला, कुणामुळे आला. मेमरी त्याला कशी समजावणार, म्हणून म्हणालो की, तिला पाठवलेले सगळे निरोप दारात थांबलेत, कुणी घेत नाही, आणि त्यांच्या गर्दीत तुझा निरोप अडकला.

आकारामनं हातातला बेदाणा दोन बोटांत फिरवला. "म्हंजी आमीच वैनीचं नाव घाला म्हटलं, आन् त्येच आमच्या अंगावर आलं."

"मीही घातलं."

"तुमी घालनारच. तुमचं सोडा." हातातला बेदाणा त्यानं काळ्या ढिगात टाकला. मग म्हणाला, "वैनी असत्या तर आदी मलाच शिव्या घातल्या असत्या. 'आक्या, मेल्या, माज्या नावापायी बेदाना भिजिवलास व्हय रं?' "

सुलाबाई हसली आणि पदरानं डोळे पुसले. "अगदी तसंच म्हनल्या असत्या. काढा सुभेदार नाव. बेदाना भिजल्यालं न्हाई आवडायचं त्यास्नी."

"आन् पुढच्या साली नारळ फोडल्यावर फोन कोन करनार?" आकारामनं विचारलं.

"मी करीन," मी म्हणालो.

"तुमी? तुमी फोनवर बोलता तरी का वो? वैनी म्हनायच्या, पलटनीतनं घरला फोन करायचा तर नुसता 'ठीक हाय, ठीक हाय.' "

"ठीक हाय म्हणीन."

"चालंल," आकाराम म्हणाला. "तेवढ्यावर क्रेट उचलू."

बुधवारी दुपारी दोन वाजता मी कपाट उघडलं. पर्समध्ये मोबाइल, चष्मा, लोणंदच्या एसटीचं एक तिकीट आणि रबर होतं. चार्जर लावून मोबाइल जेवणाच्या टेबलावर ठेवला. दहा मिनिटांनी तो चालू झाला. उघडायला चार आकडे लागतात. माझ्या लष्करी नंबरचे शेवटचे चार. मी सीमेवर असताना सतरा वर्षं पत्रांवर तो नंबर लिहून तिला इतका पाठ झाला होता की, दुसरा आकडाच सुचत नाही म्हणायची.

पल्लवी फोनवर होती, आलेख उघडून बसली होती. मी आकडे दाबले. मोबाइलनं घरचं वायफाय ओळखलं. मिनिटभर काही झालं नाही.

मग थरथर सुरू झाली. जुन्या निरोपाला आवाज करायचा नाही, नुसतं थरथरायचं, असं मीच लिहिलं होतं. एक आला, दुसरा आला, मग मोजता येईनात. मोबाइल टेबलावर सरकायला लागला. कडेपर्यंत आला तेव्हा मी त्याच्यावर हात ठेवला. तो हाताखाली थरथरत राहिला. आकाराम, शेड चालू, ओल बेचाळीस. जोतिबा, शेड चालू, ओल एकोणचाळीस. नारळ फोडल्याच्या दिवसापासूनचं सगळं क्रमानं तिच्याकडे येत होतं.

"दाजी," पल्लवी म्हणाली. "खाली येतेय."

"दिसतंय का?"

"दर तपासणीला थोडी थोडी. 'मिळाला' आलं की रांग एकेक सोडतेय, आणि पुढच्या फेरीत तो उचलून नेतोय. आता छत सुटलं." थोड्या वेळानं म्हणाली, "निम्म्यावर आली." मला फोन ठेवावासा वाटला नाही आणि तिलाही वाटला नसावा.

पाऊण तास लागला. माझा हात बधिर झाला होता. थरथर थांबली तरी मी तो उचलला नाही.

"दात दिसायला लागले," पल्लवी म्हणाली. "खालची टोकं एका पातळीत. एकेक थांबा एकवीस मिलिसेकंदांचा. झालं दाजी. सगळे पोचले." आणि मग ती रडली. मी ऐकत बसलो. साताऱ्यात ती रडत होती, सांगलीत माझ्या हाताखाली मोबाइल गरम होता.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "नाव मी काढू?"

"नको. मी काढतो."

पहिल्या ओळीवर जाऊन मी नाव निवडलं. 'खात्री आहे का?' अशी चौकट आली. ती चौकट मी राजेश्वरीमुळेच घातली होती, कारण एकदा तिनं चुकून जोतिबाची अख्खी शेड उडवली होती आणि वर मलाच म्हणाली होती, "तुमच्या मशीनला विचारता येत न्हाई का एकदा?" मी 'हो' दाबलं. खालची नावं एकेक ओळ वर सरकली. पहिल्या ओळीत आकाराम आला.

संध्याकाळपर्यंत पल्लवीनं निरोप मेमरीत न धरता डिस्कवरच ठेवायची सोय करून दिली. नियम तिनं बदलला नाही. निघालेला निरोप अजूनही पोचल्याशिवाय टाकला जात नाही.

गुरुवारी सकाळी मी चहा बसून घेतला आणि आलेख बघितला. झाडलं होतं.

दुपारी साडेतीनला पश्चिमेकडून भरून आलं. तीन एकतीसला आकारामच्या शेडची ओल उडी मारून वर गेली. त्याच मिनिटाला गजर सुटला. माझ्या मोबाइलवर माझी साधी घंटा वाजली. खात्री करावी म्हणून मी आकारामला फोन लावला. त्यानं उचलला. वाऱ्याचा आवाज येत होता. तो पळत होता.

"आला का गजर?"

त्यानं उत्तर द्यायच्या आतच ते मला ऐकू आलं. सुलाबाईचा मोबाइल शेडच्या खांबाला पिशवीत अडकवलेला असतो. कुणी बटण दाबेपर्यंत तो पाऊण-पाऊण मिनिटानं वाजत राहतो.

"पाऊस आलाय! पडदं सोडा! ऊठा की!" आणि अर्धी शिट्टी.

दहा महिन्यांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"आलो गं बाई, आलो!" सुलाबाई शेडच्या पलीकडच्या बाजूनं ओरडली. "सोडतोय की! हात हायत का काय हायत माजं!"

"पाऊस आलाय! पडदं सोडा! ऊठा की!"

"ऐकलं का सुभेदार?" आकाराम धापा टाकत म्हणाला. "दम म्हनून खाऊ देत न्हाईत."

"सोडा पडदे. मी ठेवतो," मी म्हणालो.

पण मी ठेवला नाही. आकारामनंही तो तसाच खिशात टाकला असावा. दोऱ्या सुटल्याचा, ताडपत्री फडफडल्याचा आवाज येत होता. मधेच सुलाबाई तिला उत्तर देत होती. शेवटचा पडदा बांधून झाल्यावर ताडपत्रीवर पहिले थेंब वाजले, आणि मग कुणीतरी जाऊन खांबावरचं बटण दाबलं.

तोपर्यंत राजेश्वरी चौदा वेळा ओरडली होती. मी मोजलं. चौदाही वेळा शिट्टी अर्धीच होती.